धाकट्या डॉक्टरांचा नाच

क्लिनिकच्या मोठ्या मॅडमनी फर्मान काढलं, की दारातल्या फलकावर तिन्ही फिजिओथेरपिस्टांचे फोटो लागणार आणि खाली शिक्षण, अनुभव, छंद. मॅडम स्वतः डोंगर चढायच्या. मधल्या डॉक्टर शाळेपासून बॅडमिंटन खेळायच्या. खांदा निखळला म्हणून उपचाराला गेल्या आणि तोच व्यवसाय धरून बसल्या. धाकटे डॉक्टर मात्र पेन चावत राहिले. त्यांना सुट्टीत नुसतं लोळायला आवडे, पण दिवसभर लोकांना उठवून चालवणाऱ्या माणसाने ते लिहावं कसं?

"नृत्य लिही," बायको म्हणाली. "आपल्या लग्नात नाचला होतास की."

"मला ढकललं होतं!"

"ते कुठे फलकावर दिसतंय?"

'छंद: नृत्य' असा फलक लागला आणि तिसऱ्याच दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणे. गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते, पण दुखतो म्हणून बाई तो वाकवायलाच तयार नव्हत्या. कोन मोजला तर जेमतेम साठ अंश. असाच आखडला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागणार होता.

क्लिनिकची एक पद्धत होती. पेशंटने कागदावर आपलं ध्येय लिहायचं आणि डॉक्टरांनी खाली सही करायची. बाईंनी आत येताना फलक नीट वाचला होता. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'सहा आठवड्यांनी नातीच्या लग्नात नाचणे. शिक्षक: धाकटे डॉक्टर.'

"बाई, त्याचं काय आहे..."

"सही करा. नाच शिकवणार असाल तर वाकवते, नाहीतर राहिलं."

डॉक्टरांनी सही केली. येत तर काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी व्यायामालाच नाच म्हणायला सुरुवात केली. टाच मागे सरकवणं ही पहिली चाल, कठडा धरून अर्धी उठाबशी ही दुसरी.

"उठाबशा मी आयुष्यभर दुसऱ्यांना काढायला लावल्या हो," बाई कुरकुरल्या, पण वाकल्या.

उद्या खरं सांगून टाकू, असं डॉक्टर रोज ठरवत. पण उद्या कोन सत्तर भरे, परवा पंचाहत्तर, आणि त्यांची जीभ रेटत नसे. त्यात शेजारच्या खाटेवरचे, खांदा आखडलेले टेलरकाका रुसले, "आमच्या खांद्याने काय घोडं मारलंय?" मग हात वर करायची तिसरी चाल निघाली. सहाव्या आठवड्यात कोन एकशे दहा झाला आणि बाईंनी लग्नाचं आमंत्रण टेबलावर ठेवलं.

"तुम्ही पुढे, मी मागे," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी डॉक्टर बाईंना घेऊन मंचावर चढले. खाली दीडशे पाहुणे, वर ढणाढणा संगीत. काही सुचेना, तेव्हा तोंडाला सवय होती तेच बाहेर पडलं. "पाठ सरळ! टाच मागे! एक, दोन, तीन..." मागे बाई अगदी ठेक्यात. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी नवीन प्रकार दिसतोय. नवरा-नवरी सामील झाले, विहीणबाई झाल्या, वाढपीही हातातलं ठेवून आले. "आता उठाबशा! दहा! छान, आणखी दहा!" नवख्याने पहिल्या दिवशी पाचच काढायच्या, हे पेशंटला घसा फोडून सांगणारे डॉक्टर नेमकं तेच सांगायला विसरले. वर कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं.

सकाळी क्लिनिकात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरदेव भिंत धरून आला. विहीणबाई एकेका पायरीवर बसत जिना चढल्या. मांड्या भरून आलेल्या त्या वऱ्हाडात ताठ चालत आल्या त्या फक्त बाई. धाकटे डॉक्टर आतल्या खाटेवर कण्हत पडले होते. बाईंनी स्टूल ओढलं.

"वाकवा गुडघा."

"दुखतोय हो." डॉक्टरांना राहवेना. "बाई, एक खरं सांगू? मला नाच येत नाही."

"ते काल दीडशे जणांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "वाकवा."