बाकांच्या विधेयकावर चष्मेवाले उभे

"उठा, चष्मेवाले, उठा! बोला!"

जेवणानंतरच्या गुंगीत शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसलेले चष्मेवाले दचकून जागे झाले. त्यांच्या कानाशी पक्षाचे प्रतोद वाकले होते. मतदानाच्या वेळी आपली माणसं सभागृहात हजर ठेवायची, हे प्रतोदांचं काम. आत्ता त्यांच्या कपाळावरून घाम असा निथळत होता, की माणसं हजर नाहीत हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

"मी बोलू? कशावर?"

"बाकांवर!"

चष्मेवाल्यांनी आपल्या बुडाखालच्या बाकाकडे पाहिलं.

"हे नव्हे हो! विधेयक, विधेयक!"

बागेत, बसथांब्यावर, दवाखान्यात लोक ज्यावर बसतात त्या सार्वजनिक बाकांची उंची किती असावी आणि पाठ कितपत कललेली असावी, हे ठरवणारं ते विधेयक होतं. विरोधकांनी त्याची इतकी टर उडवली होती, की पंतप्रधान मागच्या आठवड्यात तावातावाने बोलून बसले होते, "हे विधेयक पडलं तर सरकार पडलं असं खुशाल समजा!" विरोधकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हाच पंतप्रधानांना कळायला हवं होतं.

"आपले लोक आहेत कुठे?" चष्मेवाल्यांनी विचारलं. पुढची बाकं ओस पडली होती. एका कोपऱ्यात विधेयकवाले मंत्री एकटेच नखं खात बसले होते.

"बसमध्ये."

"आणि बस?"

"तेच तर! नदीपलीकडे बंद पडलीय."

परिवहनमंत्र्यांनी नव्या घराच्या आनंदात सगळ्या पक्षाला जेवायला बोलावलं होतं, आणि हौसेने आपल्या खात्याची नवी कोरी बस दिली होती. सभागृह राखायला मागे ठेवलेले हे तिघे सोडले, तर त्या बसमध्ये पंतप्रधानांसकट अख्खं बहुमत बसलं होतं. बहुमत तरी केवढं, तर एका मताचं. इकडे विरोधकांची बाकं मात्र लग्नाच्या पंगतीसारखी गच्च भरलेली होती. विरोधकांचा शेवटचा वक्ता समारोपाला आला होता. तो बसला आणि दुसरं कोणी उठलं नाही, की अध्यक्षबाई विधेयक मताला टाकणार हे उघड होतं.

"पण मी कधी बोललोच नाही हो इथे! दुसरं कोणी..."

"मंत्र्यांचं बोलून झालंय, त्यांना परत उठता येत नाही. माझा घसा बसलाय. उरलात तुम्ही." प्रतोदांनी त्यांचा दंड धरला. "नीट ऐका. कागद वाचायचा नाही. तेच तेच बोलायचं नाही. विषय सोडायचा नाही. आणि काही झालं तरी बसायचं नाही! तुम्ही उभे आहात तोवर कोणाचा बाप मत घेऊ शकत नाही. टेकलात की संपलं."

चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. सरकार पडलं की निवडणूक. निवडणूक आली की ते पडणार, यात त्यांनाही शंका नव्हती. मागच्या वेळी ते निवडून आले ते लाटेत; ओंडका वाहत यावा तसे. आणि पडले, की परत सासऱ्यांचं चष्म्यांचं दुकान. परत "जावईबापू, जरा काचा पुसा", परत "जावईबापू, असं नव्हे, असं". त्या दुकानात काढलेल्या वर्षांच्या आठवणीनेच त्यांचे गुडघे ताठ झाले. त्यातून आज सासरे प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसले होते. जावई तिथे नेमकं करतो तरी काय, हे त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

विरोधी वक्ता खाली बसला. चष्मेवाले उभे राहिले.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, आणि पुढे काहीच आठवेना. "बाक... बाक ही... बसण्याची वस्तू आहे."

विरोधकांत हशा पिकला. अध्यक्षबाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि हशा थांबला.

"परंतु," चष्मेवाले घाम पुसत म्हणाले, "बसतं कोण? म्हातारे बसतात. दमलेले बसतात. बायकोची वाट बघणारे बसतात..."

त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. शब्द येत होते! बसथांब्यावरचं उंच बाक, ज्यावर बसलं की पाय लोंबकळतात. दवाखान्यातलं घसरतं बाक, ज्यावरून माणूस हळूहळू शेजाऱ्याच्या मांडीवर जातो. सगळं डोळ्यांपुढे उभं राहायला लागलं. मागून प्रतोद फोनवरच्या बातम्या पुरवत होते.

"परिवहनमंत्री बसखाली शिरलेत!"

"बसखाली? का?"

"बघायला! तुम्ही बोला हो!"

एवढ्यात विरोधी पक्षाच्या नेत्या ताडकन उठल्या. बाई धारदार होत्या. "अध्यक्ष महोदया, मी प्रस्ताव मांडते की चर्चा पुरे झाली, आता मत घ्यावं!"

प्रतोदांनी डोळे मिटले. हा प्रस्ताव मंजूर झाला की भाषण जिथल्या तिथे तुटतं, आणि मंजूर व्हायला विरोधकांची डोकी भरपूर होती.

"हरकत!"

विरोधकांच्याच दुसऱ्या रांगेतून एक वाळकं, उंच बोट वर आलं होतं. ते हरकतकाका. नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला विरोधी पक्षातला सगळ्यात जुना सदस्य. काकांनी हरकतीचा मुद्दा काढला नाही असा दिवस सभागृहात उजाडत नसे. आणि हरकत निघाली, की तिचा निकाल लागेपर्यंत बोलणाऱ्याने खाली बसायचं, असाही एक नियम होता. चष्मेवाले धपकन बसले आणि त्यांनी समोरचा पाण्याचा पेला रिकामा केला.

"सदस्याचं वाक्य अर्धं असताना असा प्रस्ताव मांडता येत नाही," काका म्हणाले. "वाक्य पुरं होऊ द्यावं लागतं."

"काका!" विरोधी नेत्या दातओठ खात म्हणाल्या. "कोणाच्या बाजूने आहात तुम्ही?"

"मी नियमाच्या बाजूने आहे, बाईसाहेब."

अध्यक्षबाईंनी जाडजूड पुस्तक उघडलं. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. सचिवांशी कुजबुजल्या. परत पानं उलटली. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"हरकत बरोबर आहे," त्या अखेर म्हणाल्या. "सदस्यांनी वाक्य पुरं करावं."

चष्मेवाले उठले. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. वाक्य पुरं करायचंच नाही!

"...आणि ज्याअर्थी माणूस बाकावर बसतो," ते म्हणाले, "त्याअर्थी तो कधीतरी उठणारही, आणि उठताना त्याला हाताला काहीतरी धरायला लागतं, जे बागेतल्या बाकांना नसतं, पण नाटकगृहातल्या खुर्च्यांना असतं, जरी तिथे दोन माणसांत एकच हात असल्यामुळे कोपरांची मारामारी होते, जी या विधेयकामुळे बाकांवर होणार नाही, कारण..."

विरोधी नेत्या अर्ध्या उठायच्या आणि बसायच्या. पूर्णविराम कुठे पडतो यावर त्या मांजरीसारख्या टपून होत्या. पडतच नव्हता.

"ढकलताहेत!" प्रतोद मागून म्हणाले. "पंतप्रधानसुद्धा ढकलताहेत!"

"...कारण ढकलाढकली ही," चष्मेवाल्यांची जीभ जरा घसरली, "ही बाकावर बसणाऱ्यांना नवी नाही, आणि उदाहरणच द्यायचं तर आमच्या सासऱ्यांच्या दुकानासमोरचं बाक घ्या, जे इतकं बुटकं आहे, की गिऱ्हाईक खाली बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, आणि..."

"ते बाक मी स्वतः बसवलंय!" सज्जातून आवाज कडाडला. सासरे उभे होते. "घरची भांडणं इथे आणता, जावईबापू?"

सभागृह हादरलं. प्रेक्षकांनी सज्जात खोकतानासुद्धा विचार करावा, अशी तिथली शिस्त. रखवालदार धावले.

"हरकत!" काकांचं बोट पुन्हा वर. चष्मेवाले पुन्हा धपकन खाली, पुन्हा एक पेला घशाखाली. "प्रेक्षकाला बाहेर काढण्याआधी तो कामकाजात अडथळा आहे, असा अध्यक्षांचा निर्णय व्हावा लागतो!"

"झाला निर्णय!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तो सकारण असावा लागतो."

"काका, बसा हो!" विरोधकांतून दहा जण ओरडले. काका बसले नाहीत. अध्यक्षबाईंनी कारण सांगितलं, काकांनी ते तपासलं आणि मगच मान डोलावली. सासरे बाहेर जाताना दारातून ओरडले, "घरी या, मग बघतो!"

पुढचा सगळा वेळ हेच चाललं. विरोधी नेत्या म्हणाल्या, "सदस्य तेच तेच बोलताहेत." काका म्हणाले, "हरकत! मघाशी ते बसणाऱ्याच्या बाजूने बोलत होते, आता बाकाच्या बाजूने बोलताहेत." विरोधी नेत्या म्हणाल्या, "विषय सोडून बोलताहेत." काका म्हणाले, "हरकत! मुळात विषय काय, हे आधी ठरवून घ्या." म्हातारा आपला पिच्छाच सोडत नाही, असं चष्मेवाल्यांना वाटत होतं. प्रत्येक हरकतीला ते बसत, पाणी पीत आणि मनातल्या मनात काकांना चार शिव्या घालून परत उठत. पण आता त्यांचा आवाज चढला होता. हातवारे होत होते. त्यांनी चक्क एकदा मेजावर मूठ आपटली आणि विधेयकवाल्या मंत्र्यांनी नखं खायचं थांबवून टाळी वाजवली.

तेवढ्यात दारं धाडकन उघडली. धापा टाकत, ग्रीसने माखलेलं बहुमत आत घुसलं. पंतप्रधानांच्या एकाच पायात बूट होता.

"आले! आले! बसा!" प्रतोद जवळजवळ नाचले.

"...म्हणून मी या विधेयकाला पाठिंबा देतो," चष्मेवाले म्हणाले. अध्यक्षबाईंनी मतदान पुकारलं. घंटा घणघणायला लागली. घंटा थांबली की दारं बंद. मग राजा आला तरी आत घेत नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच प्यायलेल्या सगळ्या पाण्याने चष्मेवाल्यांना जाब विचारला.

"आलोच!" एवढंच बोलून ते सुटले. स्वच्छतागृहात पोचले तर शेजारी हरकतकाका! दोघांनीही एकमेकांकडे न बघण्याचा शिष्टाचार पाळला. बाहेर घंटा वाजतच होती.

हात धुवायलाही न थांबता काका म्हातारपण विसरून पुढे पळाले. चष्मेवाल्यांचे पाय उभं राहून लाकडासारखे झाले होते; ते भिंत धरून फरफटत निघाले. दारवान ओरडत होता, "काका, या लवकर! लावतोय!" चष्मेवाल्यांनी झटकन मतं मोजली. काका आत आणि आपण बाहेर, म्हणजे दोन्हीकडे सारखी मतं. आणि सारखी मतं पडली, की विधेयक पडतं. एवढा जिवाचा आटापिटा केला, आणि सरकार पडणार ते लघवीपायी!

काका उंबऱ्याशी पोचले. मागे वळून पाहिलं. मग सावकाश खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले.

घंटा थांबली. दार बंद झालं.

चष्मेवाले कसेबसे पोचले. काका कंबर धरून सरळ होत होते. चष्मेवाल्यांनी खाली पाहिलं.

"काका... तुमच्या बुटांना नाड्याच नाहीत."

"हळू बोल, गाढवा!"

"तुम्ही मुद्दाम...? मग त्या हरकती...?"

"तुला दम खायला मिळावा म्हणून! दर वेळी पाणी पीत होतास, तेवढं पुरे होतं का नाही?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "तू बाहेर, मी बाहेर. फिटंफाट. जोडी लावली म्हणतात याला. जुनी पद्धत आहे, दोन्ही बाजूंना चालते."

"पण सरकार पडलं असतं तर तुमचा पक्ष..."

"तेच तर! बाईसाहेबांनी मंत्र्यांची नावं ठरवूनसुद्धा टाकलीत. मला कायदामंत्री करणार होत्या!"

"मग चांगलंच की, काका!"

"काय डोंबलाचं चांगलं?" काकांचे डोळे पाणावले. "मंत्र्याला कधी हरकत घेताना पाहिलंयस? लोक घेणार, आणि मी उत्तरं देत बसणार! अरे, उभा जन्म विरोधी बाकावर गेला माझा. या वयात आता उत्तरं शिकू?"

आतून एकदम गर्जना झाली. एका मताने विधेयक मंजूर! दार उघडलं आणि प्रतोद बाहेर झेपावले. "कुठे होतात तुम्ही? जीव गेला असता माझा!"

"जोडी लावली होती आम्ही," काका रुबाबात म्हणाले.

"बरं, बरं. चला आत, चष्मेवाले! पंतप्रधान बोलावताहेत. परिवहनमंत्र्यांना त्यांनी बसमध्येच काढून टाकलं. म्हणाले, ते खातं त्या न बसणाऱ्या माणसाला द्या."

चष्मेवाल्यांनी भिंतीचा आधार घेतला. "मला? मंत्री? अहो, पण मला उत्तरं..."

हरकतकाकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी चष्मेवाल्यांचा ओला हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला.

"अभिनंदन, मंत्रीमहोदय!" ते म्हणाले. "त्या बसबद्दल माझी पहिली हरकत तयार आहे. आत्ता सांगू, की उद्या सकाळी?"