नवीन नावाचा प्राणी

"नवीन नावाचा प्राणी आमच्या दवाखान्यात नाही," असं दवाखान्याच्या साइटने धाकटीला सकाळपासून एकविसाव्यांदा सांगितलं.

नवीन नावाच्या प्राण्याची चौकशी तिने केलीच नव्हती. तिने 'नवीन रुग्ण' असं लिहिलेलं बटण दाबलं होतं. त्यातून नव्या जनावराची नोंद करायचा फॉर्म उघडायला हवा होता. काल दुपारपर्यंत तो उघडतही होता. काल संध्याकाळी जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक छोटीशी सोय मागितली: जनावराचं नाव टाकलं की त्याचं पान समोर यावं. धाकटीने दहा मिनिटांत ती करून दिली, आणि तेव्हापासून दवाखान्यात एकाही नव्या जनावराची नोंद होत नव्हती. कंपाउंडर पुन्हा वहीत लिहू लागले होते आणि दर अर्ध्या तासाने फोन करून, आपली काही तक्रार नाही, असं कळवत होते.

डॉक्टरीणबाईंची मात्र होती. संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः बसून बघणार, जमलं असेल तर ठीक, नाहीतर आमच्या वह्या काही वाईट नव्हत्या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. त्या शांतपणाचीच धाकटीला जास्त धास्ती वाटत होती. दवाखान्याची साइट हे तिचं एकटीने घेतलेलं पहिलं काम. ते परत गेलं असतं, तर कंपनीत पुढची दोन वर्षं तिच्या वाट्याला दुसऱ्यांच्या चुका निस्तरणं तेवढं आलं असतं.

कंपनीच्या जागेला रंग लावत होते, म्हणून ती आठवडाभर घरी जेवणाच्या टेबलावर काम करत होती. नवरा सकाळीच कामावर गेलेला. घरात ती आणि सासरे. घरात तिला सगळे धाकटी म्हणत आणि सासऱ्यांना अण्णा. अण्णांनी टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणतीस टपाल छाटण्यात. पत्र उचलायचं, पत्त्यावर नजर टाकायची, योग्य खणात टाकायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी वाचून झालेलं वर्तमानपत्र ते ठेवत नसत, खणात पत्र टाकावं तसं टाकत.

साडेअकरापर्यंत धाकटीने जे जे करता येतं ते केलं. सर्व्हर बंद करून चालू केला. ज्या तयार सांगाड्यावर साइट उभी होती, त्या फ्रेमवर्कने साठवून ठेवलेली पानं पुसली. फॉर्मची फाइल ओळ न् ओळ तपासली. तिच्यात काही खोट नव्हती. मग तिने लॅपटॉपकडे पाठ फिरवली आणि मनातलं मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि अडलंय काय ते विचारलं. तिने सांगितलं. पीएचपी नावाच्या संगणकी भाषेतल्या या फ्रेमवर्कमध्ये एक यादी असते. साइटवर कुठला पत्ता आला तर माणसाला कुठल्या पानावर धाडायचं, ते त्या यादीत लिहिलेलं असतं. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ मिळाली की वाचणं तिथेच थांबतं. अण्णा चष्मा लावून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"यातली 'प्राणी' आणि पुढे महिरपी कंसात 'नाव', ही ओळ कसली?"

"'प्राणी'च्या पुढे जो काही शब्द येईल, तो जनावराचं नाव समजायचा. मोती, राणी, काहीही."

"आणि 'प्राणी', पुढे 'नवीन'? ती खाली आहे."

"ती फॉर्मची."

अण्णांनी चष्मा काढला. "अगं, मग सगळं टपाल पहिल्याच खणात पडणार. 'कोणीही' लिहिलेला खण शेवटी ठेवायचा. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचे."

धाकटीने यादीकडे पाहिलं. 'नवीन' हा शब्द वरच्या ओळीत अडकत होता आणि बिचारी साइट सकाळपासून नवीन नावाचं कुत्रं शोधत होती. तिने वरची ओळ उचलून खाली नेली, बटण दाबलं. फॉर्म उघडला. अण्णा चहा ठेवायला गेले. त्यांच्या पाठीवरून कळत होतं की ते खूश आहेत.

आता एकच तक्रार उरली होती. दुसऱ्या दिवशी ज्या जनावरांची वेळ असेल, त्यांच्या मालकांच्या फोनवर आदल्या दिवशी दुपारी आठवणीचा संदेश जायला हवा होता. तो जात नव्हता. डेटाबेसमध्ये मालकांचं कोष्टक वेगळं, जनावरांचं वेगळं, आणि दोन्ही जोडणाऱ्या रकान्याचं नाव तिने एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं लिहिलं होतं. ते सापडायला तास गेला, सुधारायला मिनिट. आता संदेश खरोखर जातो का, ते बघायचं होतं.

इथे तिने फार विचारपूर्वक पाऊल टाकलं, आणि पुढचं सगळं त्या विचारपूर्वक टाकलेल्या पावलामुळेच झालं. चाचणी करताना भलत्याच माणसाला संदेश जाऊ नये, म्हणून तिने सेटिंगच्या फाइलमध्ये खऱ्या डेटाबेसचं नाव खोडून सरावाच्या डेटाबेसचं नाव लिहिलं. त्यात पाच-सहा खोटी जनावरं होती: कुत्रा एक, कुत्रा दोन, अशी. मग आणखी खबरदारी म्हणून तिने एक हुकूम चालवून सगळ्या मालकांच्या नावापुढे अण्णांचा फोन नंबर घातला आणि संदेश सोडले.

अण्णांचा फोन वाजला. पुन्हा वाजला. नऊ वेळा वाजला. धाकटीने टेबलावर हळूच थाप मारली.

अण्णा फोन लांब धरून वाचत होते. "धाकटे, उद्या सकाळी दहा वाजता माझ्या पोपटाची नखं कापायची आहेत म्हणे."

"पोपट?" धाकटी म्हणाली.

"त्यानंतर कासव आणायचंय."

सरावाच्या डेटाबेसमध्ये पोपट नव्हता. कासव तर नव्हतंच. धाकटीने लॅपटॉप पुढे ओढला. तिने तपासलं. सेटिंगची फाइल तिने बदलली होती हे खरं, पण फ्रेमवर्क जुनं सेटिंग पाठ करून बसलं होतं आणि फाइलकडे ढुंकूनही बघत नव्हतं. हुकूम खऱ्या डेटाबेसवर चालला होता. दवाखान्यातल्या एकशे अठरा जनावरांचा मालक आता एकच होता, आणि तो तिच्यासमोर चहा पीत होता.

रोज पहाटे डेटाबेसची प्रत घेण्याची व्यवस्था तिने महिन्यापूर्वीच केली होती. त्या प्रती तिने उघडून पाहिल्या. एकही दिवस न चुकता, पहाटे तीनच्या ठोक्याला, कुत्रा एक आणि कुत्रा दोन जिवापाड जपून ठेवलेले होते.

सर्व्हरच्या कंपनीकडे रविवारची प्रत होती. ती मिळेल, पण उद्या सकाळी, असं त्यांनी सांगितलं. धाकटीने अर्ज भरला. मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन कंपाउंडरनी घेतला. बाई एका घोडीच्या पायाच्या शस्त्रक्रियेत होत्या आणि पाचच्या आत बाहेर येणार नव्हत्या.

उद्या नंबर परत येणार होते, म्हणजे धीर धरायला हरकत नव्हती. पण अण्णांनी आठवा संदेश मोठ्याने वाचला: बोक्याच्या पोटाची शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठ वाजता, आज संध्याकाळी पाचनंतर त्याला काहीही खायला देऊ नये. पोट भरलेलं असताना भूल दिली तर बोक्याच्या जिवावर बेतू शकतं, हे कंपाउंडरनी फोनवर सांगितलं. दोन वाजून गेले होते.

"माझ्या हातात आलेलं टपाल आहे हे," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याचं टपाल घरात ठेवून मी झोपत नसतो."

फोन नंबर पुसले गेले होते, पण दवाखान्याच्या जुन्या वह्यांत निदान पत्ते होते. कंपाउंडर फोनवर वाचत गेले, अण्णांनी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या आणि टेबलावर मांडल्या. दोन नदीपलीकडच्या, तीन बाजाराच्या मागच्या, एक डोंगराकडची, उरलेल्या तीन जवळपासच्या. धाकटीचा लॅपटॉप त्यांनी हळूच बाजूला सरकवला. मग त्यांनी खात्यातल्या जुन्या ओळखीच्यांना फोन सुरू केले. ज्या ज्या भागात पत्ता होता, त्या त्या भागाच्या पोस्टमनला. गल्लीत कोण राहतं आणि त्याचा फोन नंबर काय, हे त्या लोकांना डेटाबेसशिवाय माहीत होतं.

पोपटवाल्या बाई अर्ध्या तासात मिळाल्या. कासववाल्या गृहस्थांना हा फसवणुकीचा फोन वाटला. त्यांनी अण्णांना, लाज वाटत नाही का, असं विचारलं आणि फोन आपटला. अण्णांनी पुन्हा लावला. तिसऱ्या वेळेला त्यांनी फक्त वहीतून कळलेलं कासवाचं वय आणि पाठीवरच्या जखमेची जागा सांगितली, तेव्हा गृहस्थ वरमले. एका आजीबाईंनी उद्याची वेळ ऐकून घेतली आणि मग वीस मिनिटं आपल्या गुडघ्याबद्दल सांगितलं. अण्णांनी तेही ऐकून घेतलं. इकडे धाकटीने फ्रेमवर्कने पाठ केलेलं सेटिंग पुसलं, पहाटेची प्रत कुठल्या डेटाबेसची घ्यायची ते दुरुस्त केलं, आणि हुकूम चालण्याआधी डेटाबेसचं नाव दाखवून होकार विचारला जाईल अशी सोय केली.

चारला आठ चिठ्ठ्या निकालात निघाल्या. उरला बोका.

त्याची मालकीण, एकटी राहणारी शिवणकाम करणारी बाई, वहीतल्या पत्त्यावरून वर्षापूर्वीच उठून गेली होती. नवा भाडेकरू काही सांगू शकेना. अण्णांनी त्या भागाच्या पोस्टमनला विचारलं, त्याने त्याच्या आधीच्या पोस्टमनला, आणि त्या आधीच्याला आठवलं की बाईंनी पत्रं नव्या पत्त्यावर पाठवा असा अर्ज दिला होता. गल्ली आठवत होती, घर नाही. गॅलरीत पिवळा बोका बसतो एवढं मात्र आठवत होतं.

अण्णांनी चप्पल घातली. धाकटी निघू लागली, तर त्यांनी तिला बसवलं. तिची पाचची वेळ होती. ते रिक्षाने गेले.

पाच वाजता डॉक्टरीणबाई लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या. त्यांनी बटण दाबलं, फॉर्म उघडला. त्यांनी मोती टाकलं, मोतीचं पान आलं. त्यांनी मान हलवली. इथे गप्प बसलं असतं तर काम पार पडलं असतं, हे धाकटीला दिसत होतं. पण तिने सगळं सांगितलं: एकशे अठरा जनावरांच्या मालकांचे पुसलेले नंबर, नऊ संदेश, कुत्रा एक, कुत्रा दोन, आणि बोक्याच्या शोधात गेलेले सासरे. बाई ऐकत राहिल्या.

पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी अण्णांचा फोन आला. धाकटीने तो बाईंना ऐकू जाईल असा धरला.

"सापडला," अण्णा धापा टाकत म्हणाले. "बशीत नुकतेच मासे वाढले होते बाईंनी. मी बशी उचलली. आता तो माझ्याकडे बघतोय, पण मी देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी वहीत बोक्याच्या नावापुढे खूण केली. मग म्हणाल्या की दुपारपासून दवाखान्यात पाच जणांचे फोन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नीट सांगून, समजावून वेळ कळवली, असं ते म्हणत होते. कासववाले गृहस्थ तर माफी मागायला स्वतः येऊन गेले.

"चूक पुन्हा व्हायची नाही," धाकटी म्हणाली.

"ते ठीक. साइट राहू दे," बाई म्हणाल्या. "पण ते संदेश बंद करा. तुमचे सासरे सकाळचे मोकळे असतात का?"

धाकटीने रात्री जेवताना हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी बराच वेळ भात कालवला. निवृत्तीनंतर कोणाची चाकरी करायची नाही असं आपण ठरवलं होतं, असं ते म्हणाले. मग दवाखाना किती वाजता उघडतो ते त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी लॅपटॉप घेऊन आली, तर जेवणाच्या टेबलावर तिच्या खुर्चीत अण्णा बसले होते. इस्त्रीचा सदरा, समोर चिठ्ठ्यांचे गठ्ठे, कानाला फोन. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच कामाला लागली. दोन मिनिटांनी बाहेरून आवाज आला.

"धाकटे, जरा हळू टाइप कर. मी कामावर आहे."