पोकलेनने पुकारलेला संप

यंत्र कधीही खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, पुढारी बोलतो, जावई तर बोलतोच. पण यंत्राला ते साधत नाही. बांधकामाची अवजड यंत्रं दुरुस्त करण्यात माझे बहुतेक केस गेले आहेत आणि उरलेल्या केसांच्या बळावर हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. त्या दिवशीही लालबागच्या एका बंद गिरणीच्या आवारात ऐकवलं. मग लॅपटॉप पोकलेनला जोडला, आणि पोकलेनने मला कळवलं की त्याला इंजिनच नाही!

इंजिन माझ्यासमोर होतं. गोदरेजच्या कपाटाएवढं. त्याच्यावर कोपर टेकून मी चहा पीत होतो.

"इंजिन नाही म्हणतंय," मी म्हणालो.

"मग परवापर्यंत धूर कोण सोडत होता?" जयवंतने विचारलं. हा ठेकेदाराचा साइटवरचा माणूस. कमरेला दोन मोबाइल, कपाळाला कायम आठी.

"थांबा हो! तासाभरात कारण काढतो. लॅपटॉपपुढे काही लपत नाही!"

त्याचं असं आहे, हल्लीच्या पोकलेनमध्ये छोटे छोटे संगणक असतात. एक इंजिनचा, एक पंपाचा, एक डॅशबोर्डचा. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून ते आपापसात बोलतात. या वायरींचं बिनसलं की बोलणं खुंटतं. मग इंजिन म्हणतं पंप नाही, पंप म्हणतो इंजिन नाही, आणि डॅशबोर्ड म्हणतो, इथे माझ्याशिवाय कुणीच नाही. ब्याऐंशीच्या गिरणी संपात मालक, सरकार आणि युनियन यांचं अगदी असंच चाललं होतं. फक्त तेव्हा जोडायला लॅपटॉप नव्हता.

ही गिरणी त्या संपात जी बंद पडली ती पडलीच. वीसेक वर्षं तिथे उंदीर आणि कोर्टाचे कमिशनर सोडून कुणी फिरकलं नाही. आता तिथे टॉवर यायचा होता, आणि पोकलेन आलं होतं विणखातं पाडायला.

ते चालवायचा सीताराम. शेजारच्याच चाळीतला. हिंदमाताच्या दुकानांत साड्यांच्या घड्या घालून घालून कंटाळला, मशीन शिकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायला लागला. अडचण एवढीच, की त्याचे वडील धोंडू याच विणखात्यात माग चालवायचे. पोराने हे काम धरल्यापासून बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत बापलेक समोरासमोर जेवायला बसत, आणि मीठ पाहिजे असलं तरी ते सीतारामच्या आईमार्फत, म्हणजे कमळाबाईंमार्फत कळवलं जाई. त्या घरातला डॅशबोर्ड म्हणजे कमळाबाई.

"साहेब, एकच सांगा," जयवंत मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे आपोआप झालं का कुणी केलं? केलं असेल तर सीताराम आज संध्याकाळपासून घरी."

सीतारामने ते ऐकलं. त्याने माझ्या चहात न मागता आणखी चहा ओतला.

मी कामाला लागलो. मीटर लावला. दोन वायरींमध्ये साठ ओहम यायला हवेत, आला भोपळा. म्हणजे त्या वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या होत्या. कुठे, ते मीटर सांगत नाही. मी सीट काढली, केबिनची फरशी उचलली, मागचे पत्रे खोलले. आदल्या दिवशी दसरा झालेला. सीतारामने गिरणीतल्या रिवाजाप्रमाणे मशीनची साग्रसंगीत पूजा केली होती. केबिनच्या मागे झेंडूचं हे एवढं तोरण!

"साहेब, तोरण सांभाळून हां! देवाचं आहे."

माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही हे मला कळतं. तोरणाला धक्का न लावता मी बाकीचं सगळं पोकलेन उलगडलं.

तेवढ्यात गेटबाहेरून कुणीतरी विचारलं, "काय रे, काम चालू नाय?"

"बंद आहे!" वॉचमन म्हणाला.

एवढंच. चहाचा कप संपायच्या आत चाळीत बातमी: गिरणीत पुन्हा संप! सीतारामने मशीन बंद पाडलं!

बघता बघता गेटवर साठेक म्हातारे गोळा झाले. एकाने माळ्यावरचा युनियनचा झेंडा आणला होता. त्याला कसर लागली होती, पण दांडा शाबूत होता. सगळ्यांच्या पुढे धोंडू. त्याने सरळ येऊन पोराला मिठी मारली.

"शाबास रे माझ्या वाघा! बापाचं खातं मोडूक दिलंस नाय!"

हे काम धरल्यापासून बाप पहिल्यांदा बोलला होता. सीतारामचे डोळे भरून आले. मग त्याला जयवंत दिसला आणि ते लगेच सुकले.

"बाबा, मी नाय बंद पाडलं!"

"तसंच बोलायचं! पोलीस आले तरी हेच बोल!"

"अहो खरंच नाय पाडलं!"

"बघा, बघा! कसा कसलेला कार्यकर्ता!" धोंडू गर्दीकडे वळून म्हणाला. टाळ्या पडल्या.

"म्हणजे तूच!" जयवंत गुरगुरला.

मी मध्ये पडलो. "अहो, हा बिघाड आहे! यंत्राच्या आतलं बोलणं तुटलंय!"

"तुम्ही कुणाकडून आलात?" धोंडूने विचारलं.

"कंपनीकडून."

"बघा!!" गर्दी गरजली.

पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. घोषणा झाल्या. मागण्या झाल्या; त्यात गिरणी पुन्हा सुरू करा ही पहिली आणि गेटसमोरचं गटार साफ करा ही दुसरी. जयवंतने ठेकेदाराला फोन केला. ठेकेदार म्हणाला, त्यांना चहा पाजा. चहा आला म्हटल्यावर गर्दी दुप्पट झाली. वडापावची गाडी आपणहून आत शिरली.

इकडे मी दोन संगणक बदलून पाहिले. आता लॅपटॉप म्हणाला, केबिनही नाही. दुपार कलली तेव्हा त्याच्या मते त्या जागेवर पोकलेनच नव्हतं. मला पोकलेनचा हेवा वाटला.

"साहेब, तास कधीच झाला," जयवंत म्हणाला. "मी या सीतारामचा हिशेब करून टाकतो."

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत कमळाबाई आल्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात झेंडूचं ताजं तोरण. कुणाची परवानगी न विचारता त्या पोकलेनच्या साखळीवर चढल्या.

"काल पूजा धड झाली नसतली. बाजूक व्हा."

"कमळे! तू संप फोडतंस?" धोंडू ओरडला.

"तुमचो संप मी खानावळ चालवून जगवलंय. आता पोराची नोकरी खातास? गप रव्हा!"

गर्दी गप राहिली. त्यातल्या निम्म्यांनी त्या खानावळीत उधारीवर जेवण केलेलं होतं.

"आई, तोरण आहे ना कालचं. त्याच्यावरच बांध," सीताराम म्हणाला.

"शिळ्या फुलांवर ताजी फुलां? वळण म्हणून काय शिकवलंय नाय मी तुका?" असं म्हणून त्यांनी कालचं तोरण धरलं आणि हिसडा मारून ओढून काढलं.

डॅशबोर्ड लख्ख पेटला! लॅपटॉपवर इंजिन उगवलं. मग पंप. मग केबिन. सीतारामने चावी फिरवली आणि पोकलेनने असा धूर सोडला की वडापाववाल्याने कढईवर झाकण टाकलं.

"देवी पावली!" कुणीतरी ओरडलं आणि झेंडा गुंडाळला.

मी खाली पडलेलं तोरण उचललं. ते सुतळीने बांधलेलं नव्हतं. साइटवर सळ्या बांधायची लोखंडी तार असते ना, तिने बांधलं होतं. आणि तारेचं टोक चांगलं वीतभर वायरींच्या जुडग्यात घुसलं होतं. दोन्ही वायरींना भोसकून. मी सीतारामकडे पाहिलं. त्याने तारेकडे पाहिलं. त्याचा चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा झाला.

"हां साहेब, आता कारण बोला," जयवंत म्हणाला. "लॅपटॉपपुढे काही लपत नाही ना?"

मी तार खिशात घातली.

"दमट हवा," मी म्हणालो.

"कोण जबाबदार?"

"मुंबई."

जयवंतने बराच विचार केला. मुंबईला कामावरून काढता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, मलाही मिळालं. धोंडू खोबरं न घेताच निघून गेला, आणि त्या रात्रीपासून मीठ पुन्हा कमळाबाईंमार्फत जाऊ लागलं.

सीतारामची नोकरी वाचली. पोकलेन त्यानंतर एकदाही बिघडलं नाही. त्यामुळे महिनाभर चालायचं विणखात्याचं पाडकाम वसुबारसेलाच आटोपलं. आणि पाडायला काही उरलं नाही म्हणून धनत्रयोदशीला सीतारामला कामावरून कमी केलं.