गाठोड्यातील कापडाच्या विल्हेवाटीबाबत

विषय : पत्नीने स्वतःच्या मयतीसाठी राखून ठेवलेल्या कापडाचे, पत्नी हयात असताना, नौरोजच्या भेटी म्हणून वाटप झाल्याबाबत.

संदर्भ : पत्नीचे तोंडी शेरे, वेळोवेळी.

उपरोक्त विषयान्वये निवेदन करण्यात येते की, सदर प्रकरणी पती केरिमकुल यांचा हेतू शुद्ध होता. (हेतू शुद्ध असल्याशिवाय एवढा मोठा घोटाळा माणसाच्या हातून होत नाही, हे पाटबंधारे कचेरीत उभी हयात कारकुनी केल्यावर त्यांना ठाऊक असायला हवे होते.)

त्या वर्षी हिवाळा लांबला होता आणि पेन्शनही. नारिनकडच्या त्या खेड्यात पेन्शनीच्या नावाने कधी पिठाचे पोते मिळे, कधी रबरी बूट. पैसे म्हणाल तर ते येणार असल्याची बातमी मिळे. अशात नौरोज, म्हणजे नव्या वर्षाचा सण, तोंडावर आला. डोलोन घाटापलीकडे कोचकोरला पत्नीचे, म्हणजे झूराबाईंचे, माहेर. तिकडे दर सणाला काहीतरी भेट जायची. यंदा काय पाठवायचे, हा प्रश्न होता आणि तो सोडवायला घरात बायका नव्हत्या. झूराबाई सुनेला घेऊन लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि सणाच्या दिवशीच परतणार होत्या. मागे राहिले होते केरिमकुल आणि त्यांचा मुलगा उलान. उलान ट्रॅक्टरचा मेकॅनिक होता. ट्रॅक्टर विकले गेल्यापासून नुसताच मेकॅनिक होता.

"यंदा विकत काही आणायचं नाही," केरिमकुल म्हणाले. "हातानं करू. हातच्या वस्तूत माया असते."

"आणि खर्च नसतो."

"तो नसतो, हा योगायोग."

आधी त्यांनी नमद्याच्या सपाता करायला घेतल्या. लोकर पिंजली, कढत पाणी ओतले, चटईत गुंडाळून बापलेकांनी आळीपाळीने तुडवली. नमदा आटतो, हे दोघांनाही माहीत होते; किती आटतो, हे माहीत नव्हते. उलगडून पाहिले तेव्हा त्या सपाता मांजराला झाल्या असत्या, तेही मांजर लहान असते तर.

मग केरिमकुलनी झूराबाईंची संदूक उघडली. तळाशी पांढऱ्या फडक्यात बांधलेले एक गाठोडे होते. त्यात निळे साटन, लाल मखमल आणि मांजरपाट यांचे तुकडे एकावर एक नीट रचलेले. आकार साधारण सारखा, पण कडा दोरे निघालेल्या. कात्रीने कापलेले नव्हते, हाताने फाडलेले होते.

त्या मुलखातल्या कुठल्याही बाईने ते गाठोडे पाहताच पुन्हा बांधून ठेवले असते आणि वर दुवा म्हटली असती. पिकल्या वयाचे माणूस गेले, की मयतीला आलेल्यांना असे फाडलेले कापड वाटतात. त्याला जिरतिश म्हणतात. गेलेल्याचे वय आपल्यालाही लाभो म्हणून लोक ते जपून ठेवतात. शहाण्या म्हाताऱ्या आपले जिरतिश आपणच हयातीत जमवून ठेवतात, म्हणजे मागच्यांना कोणाच्या दारात जावे लागत नाही. मात्र हे फाडणे, रचणे, वाटणे सगळे बायकांचे काम. पुरुष त्या वेळी बाहेर काठीवर वाकून आक्रोश करत असतात. घरी गेल्यावर खिशात रुमालासारखे काहीतरी सापडते, एवढाच त्यांचा या विषयाशी संबंध.

"आईच्या गोधडीच्या चिंध्या दिसतात," उलान म्हणाला.

"आणि बघ, किती गबाळ्यासारख्या फाडल्यात. कात्री घरात असताना." आयुष्यभर कागदाची कड कडेला जुळवून टाचणी लावलेल्या माणसाला ते बघवेना. "आपण कडा दुमडून शिवून टाकू. रुमाल होतील. तिलाही बरं वाटेल."

उलानने शिलाईचे यंत्र आधी पूर्ण उघडले, त्याला ट्रॅक्टरचे वंगण घातले आणि मग चालवले. टाके भक्कम पडले. वासही भक्कम राहिला. फसलेल्या सपातांतून केरिमकुलनी मेंढ्याच्या शिंगाची नक्षी कातरून प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात टाचली. ती शिंगापेक्षा कानासारखी दिसत होती, पण मेंढ्याला कानही असतातच, असे उलानने त्यांचे समाधान केले. काम संपले तेव्हा बापलेकांनी एकमेकांकडे असे पाहिले, की जणू दोघांनी मिळून धरण बांधले.

काही रुमाल शेजारीपाजारी दिले. शेजारी कौतुकाने हसले, कारण घेणारेही पुरुषच होते. उरलेले कोचकोरला जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर धाडले. केरिमकुलनी त्याला बजावले की म्हणावे, झूराकडून सगळ्यांना, घरचेच आहे, गोड मानून घ्या. ट्रकवाल्याला घाटात बर्फ पडायच्या आत पलीकडे पोचायचे होते. त्याने एसेनगुलच्या दारात बोचके टाकले, "झूरा आपाकडून, सगळ्यांना वाटा," एवढे म्हटले आणि गाडी हाकली. गोड मानायचे राहून गेले.

एसेनगुल म्हणजे झूराबाईंचा थोरला भाऊ. त्याची बायको कालीपा हिने बोचके सोडले आणि मटकन खाली बसली. ते निळे साटन गेल्या हिवाळ्याआधी तिने आणि झूराबाईंनीच मिळून फाडले होते. खात्री करायला फोनही करता येईना, कारण घाटातल्या टेलिफोनच्या तारा कोणीतरी तांब्यासाठी कापून नेल्या होत्या. मग काय, मोटार मागून आणली, एक मेंढा मागे घातला आणि सगळे रात्रीतच निघाले.

नौरोजच्या सकाळी केरिमकुल हातात धुपाटणे घेऊन आर्चाच्या पाल्याचा सणाचा धूर घरभर फिरवत होते. धुराने डोळे लाल झालेले, नाक वाहते. अंगणात येतात तो फाटकाबाहेर मोटार थांबली आणि एसेनगुल काठीवर वाकून मोठ्याने रडत आत आला.

"अगं माझ्या बहिणी गं! माझ्या पाठच्या झूरा गं!"

केरिमकुलच्या हातातले धुपाटणे खाली पडले. झूरा आज परतायची होती. रस्ता बर्फाचा. आणि तिचा सख्खा भाऊ दारात तिच्या नावाने टाहो फोडत होता. याहून जास्त काय कळायचे राहिले होते?  मग त्यांच्या तोंडून जो हंबरडा फुटला, त्याने आलेल्या पाहुण्यांची उरलीसुरली शंका फिटली. उलान गोठ्यातून धावत आला, मामाला पाहिले, बापाला पाहिले आणि "आई गं" म्हणून त्यांच्या ओळीत उभा राहिला.

रडणे चालू असताना मध्ये काही विचारायची तिकडे रीत नाही. आधी गळ्यात पडून पोटभर रडायचे, मग बोलायचे. त्यामुळे दोन्ही पक्ष एकमेकांच्या माहितीवर विसंबून बराच वेळ रडले. शेवटी एसेनगुलने डोळे पुसले. (निळ्या साटनच्या रुमालाने. कान कपाळाला टोचला.)

"जावईपोरा," तो म्हणाला. केरिमकुलचे दात पडू लागले होते, पण बायकोच्या थोरल्या भावाला ते अजून जावईपोरच होते. "तिला कुठं ठेवलंय?"

केरिमकुल हुंदके देत म्हणाले, "तुमच्या गाडीत नाही का?"

एसेनगुलने मागे वळून मोटारीकडे पाहिले. काचेतून मेंढा पाहत होता. "पार भ्रमिष्ट झालाय बिचारा," तो उलानला हलकेच म्हणाला आणि पुन्हा केरिमकुलच्या गळ्यात पडला.

इकडे कालीपा आणि तिच्याबरोबरच्या बायका रीतीप्रमाणे घरात गेल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि कालीपाने विलाप सुरू केला. तिचा विलाप पंचक्रोशीत नावाजलेला होता.

नेमक्या त्याच वेळी झूराबाई सुनेसह ट्रकमधून उतरल्या. फाटकात गर्दी, आत रडारड. त्या बाहेरच थांबल्या. मग कुंपणावरून डोकावल्या, तर नवरा उभा, मुलगा उभा, आणि दोघेही सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडताहेत. गर्दीतून वाट मिळेना, म्हणून त्या गोठ्याच्या दाराने स्वयंपाकघरात शिरल्या, आणि आतल्या खोलीतून त्यांना स्वतःचे नाव ऐकू आले.

"झूरा वन्सं, तुमच्या हातची भाकर, तिला सूर्याचा रंग गं," कालीपा गात होती. "कारकुनाच्या कोरड्या घरात तुम्ही झरा आणला गं. शाईच्या दौतीशी संसार केला, पण कधी हूं का चूं केलं नाही गं."

सून काहीतरी बोलणार होती. झूराबाईंनी तिला हाताने गप्प बसवले, शाल सोडली आणि उंबऱ्याशी ऐसपैस बसल्या. एवढे चांगले त्यांच्याबद्दल त्या घरात अजून कोणी बोलले नव्हते. कालीपा रंगात आली होती. झूराबाईंची विणकर बोटे झाली, गाईला हाक मारायचा गळा झाला, मग आवाज कापरा झाला.

"सासूबाईंचा चहाचा तांब्याचा समोवर तुमचाच होता गं वन्सं. मी उगाच दडवून ठेवला गं. आता कुणाला देऊ गं?"

"सोबत आणलायस का?" मागून झूराबाईंनी विचारले.

कालीपा वळली. तिच्या तोंडातला सूर तसाच राहिला, फक्त त्याला आवाज उरला नाही. शेजारची बाई भिंतीला चिकटली आणि कलमा म्हणू लागली. किंकाळ्या ऐकून पुरुष आत धावले. सगळ्यात पुढे केरिमकुल होते. दारात बायको बसलेली पाहून ते जिथल्या तिथे बसले. उठायला दोघांची मदत लागली.

पुढचे अर्धेअधिक आपोआप उलगडले. निळ्या रुमालाचे एक टोक झूराबाईंनी भावाच्या हातातून ओढून घेतले, वंगणाचा वास घेतला, कडा पाहिल्या आणि नवऱ्याकडे पाहिले. उलान तोवर मेंढ्याला पाणी दाखवायला निघून गेला होता.

"हे कुणी शिवलं?"

"आम्ही," केरिमकुल म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून."

झूराबाई ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या हळू म्हणाल्या, "मी गेल्यावर सगळंच तुमच्या हातात जाणार होतं. एवढी एकच गोष्ट मी माझ्या हातात ठेवली होती. दिवस असे आहेत. मागून कुणी म्हणू नये की झूराच्या मयतीला लोक रिकाम्या हाताने गेले."

केरिमकुल टोपी घालून बाहेर पडले. दुपारभर ते दारोदार रुमाल परत मागत फिरले. एकानेही दिला नाही. मिळालेले जिरतिश परत करीत नाहीत. शिवाय शेजारणींना आता कळले होते की ते कशाचे आहे. आपाचे वय आम्हाला लाभो, असे त्या म्हणत. "आधी ते मला तर लाभू दे," असे झूराबाईंनी निरोपादाखल कळवले.

मेंढा सणासाठी कापला. समोवर पुढच्या ट्रकने आला. गाठोडे पुन्हा जमवायला काही वर्षे लागणार, तोवर आपल्याला मरायचीही सोय राहिली नाही, असे झूराबाई ज्याला त्याला सांगत. ते ऐकून केरिमकुलना आतून फार बरे वाटे. मात्र तसे ते तोंडावर दिसू देत नसत.

एका संध्याकाळी चहा ओतता ओतता त्या आपणहून म्हणाल्या, "त्या दिवशी फाटकात मला वाटलं होतं, तुम्हीच गेलात."

केरिमकुल हातातला पेला विसरले. नवऱ्याच्या नावाने पहिला विलाप बायकोने करायचा असतो. "मग?"

"मग काय. तोंड उघडलं होतं मी."

"आणि?"

"काही सुचेना. म्हणून कुंपणावरून बघितलं."

दुसऱ्या दिवशी केरिमकुलनी तोंडी अर्ज केला, की झूराबाईंप्रमाणे आपलाही विलाप आपल्याला हयातीतच, एकदा तरी, ऐकवण्यात यावा. फार लांबीचा नसला तरी चालेल. झूराबाईंनी अर्ज ऐकून घेतला. त्यात घालायला काही मिळते का ते बघावे लागेल, असे त्यांनी कळवले आहे.

अर्ज प्रलंबित आहे.