सायलेन्सरवरचा रुमाल

सिग्नलला थांबलेल्या कुणाच्याही गाडीच्या सायलेन्सरवर हसनचाचा पांढरा रुमाल धरतात. मग काळा पडलेला रुमाल मालकाच्या नाकापुढे नाचवत म्हणतात, "पावणं, बघून घ्या. ह्ये तुमी आमाला खायला घालायलाय."

चाचा म्हणजे चाळीस वर्षं इंजिनं खोललेले मिस्त्री. आता निवृत्त. घर आमच्या चौकातल्या सिग्नलच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मी गल्लीतल्या मंडळाचा चिटणीस, त्यामुळे तक्रारींची यादी माझ्याकडे. गेल्या महिन्यात तीत अकरा नोंदी होत्या: खड्डा एक, बंद दिवा एक, उरलेल्या नऊ हसनचाचा.

यादी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि दोन गाड्यांचे नंबर दुरुस्त करून दिले.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. चाचींना दमा. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, म्हणून त्या शाहूवाडीकडच्या एका गावात भावाकडे गेल्या. चौकातला धूर कमी झाला की त्यांना परत आणायचं, असा चाचांचा बेत. तो कमी करायचं काम त्यांनी एकट्याने अंगावर घेतलं.

"त्यापेक्षा घर बदला," मी म्हणालो. तीन पत्तेही लिहून नेले होते.

"तिला ह्योच चौक पायजे," चाचा म्हणाले. "खिडकीत बसून अख्ख्या गावाची खबर ठेवणारी बाई ती. तिकडं नुसत्या म्हशी बघत बसलीया."

लोक चाचांशी वाद घालतात. एकाने ऐटीत कागद काढला, "पीयूसी हाय की माझ्याकडं!"

"कागद कुठं धूर सोडतोय, पावणं? गाडी सोडतीया."

ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टर आले आणि पंचाईत झाली. ट्रॅक्टरचं धुराडं वर. चाचा सत्तरीत. तरी सिग्नलला उभ्या ट्रॅक्टरच्या चाकावर पाय देऊन चढलेच. चालकाने गाणी बंद करून हाक मारली, "चाचा, उतरा की खाली! ऊसच खायाचा असंल तर मागनं उपसा!"

यादीत चाचांच्या नावावर दहावी नोंद पडली.

दर रविवारी चाचा मोटारसायकलवरून चाचींना भेटायला जातात. परवा मलाही तिकडे काम होतं, म्हणून मागे बसलो. गावाच्या फाट्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि गाडी ढकलू लागले. पुढे खडा चढ.

"पेट्रोल संपलं?"

"टाकी भरल्याली हाय."

"मग?"

"तिचं घर वर हाय. धूर वरच जातोय न्हवं?"

मग मीही मागून जोर लावला. वर अंगणात चाची आणि त्यांचे भाऊ उभे होते. भाऊ लांबूनच ओरडले, "आज बी बंद पडली व्हय? आन् म्हणं कोल्हापूरचा मिस्त्री!"

"कार्बोरेटरनं दगा दिला," चाचा म्हणाले. ज्यांच्या हाताखालून गेलेली गाडी वर्षभर तक्रार करत नसे, ते मेव्हण्यापुढे मान खाली घालून उभे होते.

"इका की त्यो खटारा," चाची म्हणाल्या. "दर ऐतवारी ह्योच तमाशा."

"इकतो, इकतो. तुला दम लागतोय का?"

"मला कुठला? तुमीच धापा टाकायलाय. बसा, पानी आणते."

घराला सात-आठ उंच दगडी पायऱ्या होत्या. चाची त्या भराभरा चढून आत गेल्या. चाचा अंगणातल्या कट्ट्यावर बसून बघत होते.

"मधी थांबली न्हाय," ते हळू आवाजात मला म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं तिला चल म्हणू?"