रंगरावांच्या टाकीतली वाळू

टाकीत वाळू कोणती घालायची, एवढाच काय तो प्रश्न होता.

तंजावुरात नुकतंच केबल आलं होतं. त्यावर समुद्रतळाचे रंगीबेरंगी मासे पाहून रंगरावांना वेड लागलं. ऑफिसातल्या प्राणेशकडे गोड्या पाण्यातले मासे होते, तेव्हा आपल्याकडे खाऱ्याच पाण्यातले हवेत! काचेची टाकी हॉलमध्ये आली, मद्रासहून मिठाची पाकिटं आली. यंदाची रजा टाकीसमोर खुर्ची टाकून काढायची, असा बेत होता. (त्याच रजेत बायकोला, म्हणजे अंबाला, काशीला जायचं होतं. ते तिला लग्न झाल्यापासूनच जायचं होतं. रंगराव दर वर्षी कंबर दुखते म्हणत, आणि कंबर बिचारी साथ देई.)

कावेरीची वाळू दाराशीच होती. पण मद्रासचा दुकानदार फोनवर ओरडला, "अय्यो सार, नदीची नको! पोवळ्यांचा चुरा असलेली पांढरी घाला. माझ्याकडे आहे." त्याने भाव सांगितला आणि रंगरावांनी फोन ठेवला. समुद्रकाठी फुकट पडलेली वस्तू विकत घ्यायची? पांढरी वाळू तर रामेश्वरलाही मिळेल.

"रामेश्वरला जाऊन येतो," एवढं म्हणताच अंबाचे डोळे भरून आले. देवळाची पायरी न चढणारा माणूस आपण होऊन रामेश्वर म्हणतो! रंगरावांनी वाळूचा विषय न काढता रिकामी गोणी शोधायला घेतली. पुण्य आयतं पदरात पडत असेल तर नाही कशाला म्हणा?

दुसऱ्या दिवशी भरली गोणी खांद्यावर टाकून ते ऐटीत गल्लीत शिरले. दारात अंबा आरती घेऊन उभी. शेजारी तिचे काका जयतीर्थाचार्य सोवळ्यात, आणि मागे अर्धी गल्ली.

"सेतूची वाळू!" आचार्यांनी गोणीला हात जोडले. "शाबास, जावईबापू!"

"ही... माशांसाठी आहे," रंगराव म्हणाले.

"माशांसाठी?" अंबा म्हणाली. "सेतूची वाळू घरी आणली की गंगेत नेऊन सोडायची. अस्क्यांस, लहान पोरांसही माहीत आहे, तुम्हांसच नाही?"

रंगरावांना माहीत होतं. त्यांच्या आजोबांनीही नेली होती. पण गोणी भरताना डोळ्यांपुढे नुसते मासे होते.

"मासा म्हणजेही अवतारच की, काका."

"म्हणून तर तो समुद्रात राहिला. तुमच्या हॉलात नाही आला."

"मग ही गंगेला राहू द्या, मी माशांसाठी दुसरी गोणी आणतो."

"आणा की. तीही नेऊ," अंबा म्हणाली.

कंबरेचं नाव काढायची सोय उरली नव्हती. अख्ख्या गल्लीने ती गोणी पेलताना पाहिली होती.

वाळू शेवटी टाकीतच गेली, काशीला निघेपर्यंत. घरात दुसरं एवढं मोठं कोरं भांडं नव्हतं. वर फुलं आणि कुंकू पडलं, शेजारणी नमस्काराला येऊ लागल्या. प्राणेश मासे बघायला आला, तो चपला काढून, टाकीला प्रदक्षिणा घालून, तीर्थ मागून गेला.

रजा काशीला गेली. पांढरीशुभ्र वाळू गंगेत विरताना पाहून रंगरावांना खरंच रडू आलं. भटजी म्हणाले, "केवढी भक्ती!" अंबाने तांब्याचा गडू गंगेत बुडवला. "आता हे रामेश्वरच्या देवाला घालायचं. मग यात्रा पुरी."

प्रवासाने अंबाचे पाय सुजले, म्हणून गडू घेऊन रंगराव रामेश्वरला एकटेच गेले. समुद्रात स्नान करायचं होतं. त्यांनी पँट दुमडून पाय भिजवले आणि तेवढ्यावर भागवलं. बसमध्ये चढण्यापूर्वी चपला एकमेकींवर आपटल्या, टॉवेल झटकला, खिसे उलटे केले. चार माणसं थांबून बघत राहिली. बघू देत! वाळूचा कणही घरी न्यायचा नव्हता.

घरी येऊन ते रिकाम्या टाकीसमोरच्या खुर्चीत पसरले. "झाली यात्रा! पुढल्या रजेत मासे. वाळू त्या दुकानदाराचीच घेतो, म्हणेल त्या भावाने."

अंबाही हसली. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाल्यावर तिचंही माशांशी वैर नव्हतं.

रंगरावांनी निवांतपणे पँटची दुमड सोडली. चिमूटभर पांढरी वाळू फरशीवर सांडली. त्यांनी झटकन तिच्यावर पाय ठेवला.

"अय्यो, पाय काढा!" असं म्हणत अंबा आरतीचं ताट आणायला आत धावली.