व्याह्यांचा पाइप

नाशिक रोडला स्टेशनमागच्या गल्लीत गोरक्षचं प्लास्टिकच्या पाइपांचं दुकान होतं. तिथं पाइपांपेक्षा व्याख्यानंच जास्त खपत, आणि तीही फुकट. गिऱ्हाईक भाव विचारी, हा दर्जा सांगे. "भाव एकदाच टोचतो, हलका माल रोज टोचतो," हे त्याचं लाडकं वाक्य. ते ऐकून गिऱ्हाईक मान डोलवी आणि समोर जाऊन स्वस्तातला पाइप घेई. शेवटी बायकोनं, मालनबाईंनी, निर्वाणीचं सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर चाललं. नाहीतर देवळालीला माझ्या भावाच्या पिठाच्या गिरणीत बसायचं." आता मेव्हण्याच्या हाताखाली पीठ दळणं म्हणजे गोरक्षला काळं पाणीच की हो!

अशातच एक दिवस नामपूरहून सावळीरामभाऊ आले. कांद्याचे मोठे बागायतदार. विहिरीपासून पार लांबच्या वावरापर्यंत पाइप टाकायचा होता. एका हातात त्यांनी गोरक्षचा पाइप घेतला, दुसऱ्या हातात गोरक्षनं मुद्दाम आणून ठेवलेला बाजारातला स्वस्त तुकडा घेतला, आणि कांद्याची गोणी जोखावी तसे दोन्ही जोखून पाहिले.

"ह्यो जड, अन् स्वस्त. तुमचा हलका, अन् महाग. मी काय अक्कल गहाण टाकून आलोय का?"

"भाऊ, वजन कांद्याचं बघायचं. त्या पाइपात खडूची भुकटी भरलीय, म्हणून तो जड. हा घ्या हातोडा, आणि घाला दोन्हींवर."

सावळीरामांनी घातला. स्वस्त पाइपाचा तळलेल्या कुरडईसारखा चुरा झाला. गोरक्षच्या पाइपावरून हातोडा असा उसळला की भाऊंची टोपीच खाली पडली. त्यांनी ती उचलली, झटकली आणि स्टुलावर बसून कपाळाला हात लावला.

"पाइप लय भारी हाय हो. पण घेऊ कसा? ह्यो जो चुरा पडलाय ना, तो माझ्या व्याह्याचा माल हाय."

झालं होतं असं, की त्यांची लेक सखू उन्हाळ्यात सटाण्याला दिली होती आणि सासरा जयरामशेठ पाइपांचाच व्यापारी. त्यानं "घरचाच माल" म्हणून ट्रकभर पाइप नामपूरला पाठवूनसुद्धा दिले होते.

"दुसऱ्याचा पाइप घातला तं पोरीला जन्मभर टोमणे. अन् व्याह्याचा घातला तं पाणी वावरापर्यंत पोचायचं नाय. सांगा आता!"

गोरक्षचं मन विरघळलं. शिवाय मनात मेव्हण्याची गिरणीही घरघरत होतीच. ठरलं असं, की पाइप गोरक्षचा घालायचा आणि नाव व्याह्याचं सांगायचं. गोरक्षनं देवाशप्पथ घेतली, की कुणाकडे चकार शब्द काढणार नाही. आतल्या दारामागून मालनबाईंनी मात्र सगळं ऐकलं होतं.

सगळं गाव बाजाराला गेलेलं पाहून चर खणला. जोडणी नीट व्हावी म्हणून गोरक्ष जातीनं हजर. बघतो तर सावळीरामांची बायको धोंडाबाई रॉकेलच्या बोळ्यानं पाइपांवरचं कंपनीचं नाव खसाखसा पुसतेय!

"अहो मावशी, ते नाव म्हणजे ग्यारंटी!"

"ग्यारंटी राहू द्या जमिनीत, भाऊ. व्याही वर येतीन."

व्याह्यांचे पाइप मात्र लपवायचे कुठं? कांद्याच्या चाळीत ठेवले तर दिसणार, विकले तर बोभाटा. शेवटी तेही त्याच चरात गेले. तळाशी व्याही, वर गोरक्ष. चर खणणाऱ्या झुंबरनं विचारलं, "भाऊ, दोन-दोन पाइप कशाला?" सावळीराम म्हणाले, "खालचा आराम करतोय. तू माती ओढ."

पाणी असं धो-धो निघालं की बघत राहावं. नवरात्रात जयरामशेठ सुनेला घेऊन आले आणि थेट वावरात गेले. लांबच्या टोकाला मनगटाएवढी धार पडत होती. सगळ्या वाटेवर कुठं ओल नाही, गळती नाही. शेठ त्या धारेकडे नुसते बघत राहिले. मग सावळीरामांकडे बघितलं. सावळीराम आभाळाकडे बघत होते. तेवढ्यात बांधावरचे चारजण ओरडले, "शेठ, काय भारी माल शे तुमना!"

शेठनी मिशीवरून हात फिरवला. "मंग! माल कोणाचा हाय!"

झालं! नामपूर सगळं सटाण्याकडे वळलं. गोरक्षला कळलं ते एक गिऱ्हाईक नुसतं जोडणीचं सोल्युशन मागायला आलं तेव्हा.

"आणि पाइप?"

"पाइप जयरामशेठचे घेणार. सावळीरामभाऊंच्या वावरात बघितले ना! तुम्ही बघा एकदा जाऊन. दर्जा म्हंजे काय ते कळंल तुमाला."

त्या दिवशी गोरक्ष ताटातला भात नुसता चिवडत बसला. मालनबाई कडाडल्या, "अहो, तोंडाला काय कुलूप लावलंय? सांगून टाका गावाला!"

"पोरीचं सासर आहे गं ते."

 मालनबाईंनी ताटातल्या भातावर आणखी एक चमचा तूप घातलं आणि म्हणाल्या, "जेवा. गिरणी काही इतकी वाईट नसते." गोरक्षला रडूच यायचं बाकी राहिलं.

दिवाळी तोंडावर आली आणि एक दिवस साक्षात जयरामशेठ दुकानात शिरले. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"नामपूरला जो पाइप हाय, तो तुमचा ना?"

गोरक्ष भिंतीला टेकला. "छे छे! तुमचाच तो!"

"अहो, मी विकतो तो माल मला माहीत नाय? पहिल्या महिन्यात त्याचं कारंजं होतं. तिथं थेंब गळंना, तवाच म्हटलं, हा काय आपला नव्हे. असा माल जिल्ह्यात तुमच्याकडंच."

"मग बोलला नाहीत?"

"कसा बोलू? व्याह्यानं माझा मान राखायला एवढा खटाटोप केला, अन् मी त्याची चोरी धरू?" शेठचा आवाज जरा मऊ झाला. "मला लाज वाटली हो. आता अर्ध्या नामपूरनं माझ्या नावावर पाइप सांगितलेत. तुमचा माल द्या. भाव तुमचा. इथून पुढं दुसरा पाइप माझ्या दुकानात दिसायचा नाय. फक्त एक करा, व्याह्याला कळू देऊ नका."

गोरक्षनं दुसरी देवाशप्पथ घेतली. त्या दिवाळीला मालनबाईंनी नवी साडी नेसून दुकानाची पूजा केली आणि स्वतःच्या हातानं गिऱ्हाइकांना फराळ वाटला.

पाडव्यानंतर सावळीराम धापा टाकत आले. "गोरक्षशेठ, घात झाला! व्याह्यानं माझ्या दुसऱ्या वावरासाठी आणखी पाइप पाठवले, भेट म्हणून! मला पहिल्यासारखेच तुमचे द्या. चर तयार हाय."

 भेट आलेले पाइप गोरक्षनंच चार दिवसांपूर्वी, शेठच्या सांगण्यावरून कंपनीचं नाव पुसून, सटाण्याच्या ट्रकमध्ये भरले होते. आता तोच पाइप काढून त्या जागी तोच पाइप या भल्या माणसाच्या गळ्यात मारायचा? आणि खरं सांगावं तर शप्पथ आड येत होती.

"भाऊ," तो म्हणाला, "व्याह्यांचाच घाला. चांगला असतो तो."

"काय म्हंता?"

"टिकतो हो. माझ्यापेक्षा काही कमी नाही."

 सावळीराम हळूच उठले, चपला पायात सरकवल्या आणि दारात थांबून कळवळून म्हणाले, "धंद्यानं तुम्हालाबी बिघडवलं, शेठ. या एवढ्या नाशिक जिल्ह्यात खरं बोलणारा एक दुकानदार होता, तोबी गेला."

ते गेले. आतल्या दाराशी मालनबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि हसू की रडू, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.